दुष्काळाचा हिशोब चावडीवर वाचा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



ज्वारी पोटरीतच करपली, कापसाची पाती गळाली, की दुष्काळ पडला हे गावातल्या पोरासोरांनाही कळते. सरकारला मात्र तो कागदावर दिसावा लागतो. तो कागद कोण लिहितो, कुठे बसून लिहितो आणि आपल्याला वेळेवर का दाखवत नाही, एवढेच आज बोलायचे आहे.

हा प्रश्न नवा नाही. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर इंग्रज सरकारने दुष्काळाचे नियम लिहून काढले. काम कुणाला द्यायचे, सारा केव्हा तहकूब करायचा, सगळे त्यात होते. पण ते इंग्रजीत आणि कचेरीत. १८९६ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून ते मराठीत समजावून सांगितले. त्यात नवी मागणी काही नव्हती. सरकारचाच नियम लोकांना कळला, तर सरकार अस्वस्थ झाले. नियम लोकांना कळला की मेहेरबानी संपते आणि हक्क सुरू होतो.

बहात्तरचा दुष्काळ आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी भोगला आहे. खडी फोडली, पाझर तलाव खोदले, मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. मे १९७३ मध्ये राज्यात जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. कामाचा हक्क मिळाला. हजेरीपट मात्र दुसऱ्याच्याच बगलेत राहिला. आपण अंगठा उठवला, त्या अंगठ्यासमोर किती रुपये लिहिले होते हे आपल्यातल्या किती जणांना कळले?

राजस्थानातही तेच चालले होते. दुष्काळी कामावर किमान वेतनापेक्षा कमी मजुरी दिली जाई. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दुष्काळ आहे म्हणून किमान वेतन नाकारणे ही वेठबिगारीच आहे. पण निकाल लागला म्हणून मजुरी हातात पडत नाही. मोजमाप कमी दाखवले की मजुरी आपोआप कमी. तिथल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने हे ओळखले. १९९४ पासून त्यांनी गावोगाव जनसुनवाई भरवली. हजेरीपट आणि बिले सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. कामावर कधी न गेलेल्यांची नावे निघाली, न झालेली बांधकामे कागदावर पूर्ण निघाली. २००५ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा आला त्यामागे या मजुरांच्या चळवळीचा मोठा रेटा होता.

आता आपल्या दाराशी येऊ. आपली पैसेवारी दरवर्षी तीनदा निघते: सप्टेंबरात नजरअंदाज, मग सुधारित, वर्षअखेरीस अंतिम. प्रमाण उत्पन्न म्हणजे रुपया; ५० पैशांच्या आत आले तर टंचाई. म्हणजे ४९ आणि ५१ यांत फरक फक्त दोन पैशांचा, पण शेतकऱ्याच्या घरात वर्षाचा. पीककापणी कोणाच्या वावरात झाली? हलक्या जमिनीत, की विहिरीखालच्या भारी जमिनीत? समितीवर गावचेही लोक असतात. त्यांनी वावरात जाऊन सही केली, की कचेरीत बसून?

केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेपासून पाऊस, जमिनीतील ओल, उपग्रहाची चित्रे हे निकष आले. त्यानंतर तालुक्यातील १० टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी करायची असते. २०१८ मध्ये राज्याने १५१ तालुके दुष्काळी ठरवले, २०२३ मध्ये ४०. तालुका यादीत आला तर महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, पंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, पोरांची परीक्षा फी माफ.  मग पाहणीची गावे कोणती होती, कोणत्या आकड्यावर आपण सुटलो, हे विचारायचे नाही का?

कोणी म्हणेल, शेतकऱ्याला आकडे काय कळणार? उभे पीक पाहून एकरी किती क्विंटल उतरेल हे बांधावरून सांगणाऱ्याला अर्ध्या पानाचा तक्ता कळत नाही, हे आम्हाला पटत नाही.

म्हणून गावोगाव तीन कामे करा. एक, पीककापणीची तारीख आणि गट नंबर आधी विचारा, त्या दिवशी चार जण बांधावर हजर राहा. दोन, पैसेवारीचे पत्रक, कामाचा हजेरीपट आणि मदतीची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचण्याचा आग्रह धरा. तीन, टाळाटाळ झाली तर माहितीचा अर्ज टाका. १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत. पीक उभे असतानाच टाका. कापणी झाल्यावर वावरात पुरावा उरत नाही.

आणि एक कडू गोष्ट. खोट्या हजेरीत कधी आपल्याच भावकीतले नाव असते, खोट्या पत्रकावर आपल्याच माणसाची सही असते. यादी वाचताना तेही नाव वाचावे लागेल. ते गाळले, तर साहेबाला हिशोब विचारायला तोंड उरणार नाही.

पाऊस आपल्या हातात नाही. कागद वाचून घेणे आहे. पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने आपली पैसेवारी लिहून आणावी. तिथून पुढचे बोलू.