लैला, रजनी आणि हौसाबाई

(गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीसमोर नावांविषयी बोलायचं तर थोडा धीर येतो. ज्याला आपण बारा नावांनी रोज आळवतो आणि हजार नावांनी दूर्वा वाहतो, त्याच्या दारात आणखी एक नाव आलं म्हणून तो रागावणार नाही. आज मी एकाच नावाविषयी बोलणार आहे. मुलीचं नाव आहे, अरबी आहे, जगभर लाडकं आहे, आणि आपल्या घरांत सहसा ठेवलं जात नाही. ते नाव म्हणजे लैला.

बघा, हसू आलंच! आयेशा म्हटलं असतं किंवा फातिमा म्हटलं असतं तर कोणी हसलं नसतं. लैला म्हटलं की ओठांच्या कोपऱ्यात हसू येतं. त्यात थोडी चेष्टा असते, थोडा संकोच असतो. या हसण्याचा आज जरा हिशेब मांडू या.

विषय माझ्या डोक्यात आला तो आपल्याच घरांमुळे. गेल्या काही वर्षांत आपल्या ओळखीच्या दोन-तीन घरांत हा प्रश्न येऊन गेला. मुलगा-सून परदेशात किंवा बंगळुरात, मुलगी झालेली, आणि फोनवरून कळतं की नाव लैला ठेवायचं ठरतंय. इकडे लश्करात बसलेली आजी म्हणते, "पाळण्याला हात लावीन, पण या नावाने हाक मारणार नाही." आत्याला प्रश्न पडतो, कानात हे नाव सांगून कुर्र करायचं की नाही. बारशासारख्या गोड दिवसाला गालबोट लागतं. म्हणून म्हटलं, भांडण्याआधी हे नाव आहे तरी काय, ते बघावं.

अरबीत 'लैल' म्हणजे रात्र. लैला हे त्याचंच रूप. हिब्रू भाषेतही रात्रीला 'लायला' म्हणतात, कारण दोन्ही भाषा एकाच कुळातल्या. आता आपल्याकडे या. रजनी म्हणजे रात्र. निशा, यामिनी, शर्वरी, विभावरी, सगळ्या रात्रीच. या सभागृहात हाक मारली तर दोन रजनी आणि एक निशा नक्की उठून उभ्या राहतील. त्यांच्या बारशाला कोणी विचारलं नव्हतं की मुलीचं नाव काळोखावरून कसं ठेवता. वाळवंटात दिवस भाजून काढतो. रात्र आली की वारा सुटतो, चांदणं पडतं, माणसं गोष्टी सांगायला बसतात. तिथे रात्र हे लाडाचं नाव झालं, यात नवल ते काय?

मग चेष्टा कुठून आली? ती आली गोष्टीतून, आणि तीही अर्धवट ऐकलेल्या गोष्टीतून.

परंपरेने सांगतात की सातव्या शतकात अरबस्तानातल्या नज्द भागात, बनू आमिर नावाच्या टोळीत, कैस नावाचा तरुण कवी होता. त्याचं लैलावर प्रेम बसलं. त्याने काय केलं, तर तिचं नाव घालून कविता केल्या आणि त्या सगळीकडे म्हणत फिरला. त्या काळच्या रीतीप्रमाणे कुलीन मुलीचं नाव असं चारचौघांत घेणं म्हणजे घराण्याचा अपमान. त्याने मागणी घातली तेव्हा बापाने याच कारणासाठी नकार दिला आणि मुलीचं लग्न दुसरीकडे लावून दिलं. कैस रानोमाळ हिंडू लागला. लोक त्याला मजनून म्हणू लागले. मजनून म्हणजे जिन्नाने झपाटलेला, वेडा. आपला मजनू तो हाच.

आता यात लैलाने काय केलं? काहीही नाही. घरच्यांनी सांगितलं तिथे ती गेली आणि मनातल्या मनात झुरून मेली. नाव घेतलं त्याने, आणि बदनाम झाली ती. 'बदनाम' या शब्दात नाव आहे, हे आपण विसरतो. पुढे गंजा गावच्या निजामी कवीने ११८८ साली ही गोष्ट फारसी काव्यात लिहिली. आपल्या अमीर खुस्रोनेही ती लिहिली. या कवींनी तिच्याकडे आदराने पाहिलं. सूफींना तर मजनूची तळमळ म्हणजे जिवाची ईश्वरासाठीची तळमळ वाटली. आपल्याकडे राधेच्या विरहाला जी जागा आहे, तिच्या जवळपासची ही जागा. राजस्थानात अनूपगडजवळ बिंजौर गावी लैला-मजनूची म्हणून एक मजार दाखवतात. दरवर्षी जत्रा भरते, हिंदू-मुसलमान दोघंही जातात, नवी जोडपी नवस बोलतात.

हे नाव आणखी कुठे कुठे गेलं ते पाहिलं तर मौज वाटते. इंग्रज कवी बायरन याने १८१३ साली आपल्या एका काव्यातल्या नायिकेला हे नाव दिलं आणि इंग्रजी वाचणाऱ्यांना ते ठाऊक झालं. १८६३ साली पॅरिसमध्ये बिझे या संगीतकाराचं, मोती काढणाऱ्या कोळ्यांवरचं एक संगीतनाटक रंगमंचावर आलं. त्याची कथा सिंहलद्वीपात घडते, आणि नायिका आहे ब्रह्मदेवाची पुजारीण. तिचं नाव लैला! त्या फ्रेंच मंडळींना पूर्वेकडचं सगळं सारखंच. इजिप्तमधल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या कथापटांत ज्याची गणना होते, त्या १९२७ सालच्या चित्रपटाचं नाव लैलाच. पुढे त्याच देशात लैला मुराद ही फार मोठी गायिका-नटी झाली. ती जन्माने ज्यू. अरब देशांतले ख्रिस्ती लोकही मुलींना हे नाव देतात. म्हणजे नाव अरबी असलं तरी ते एकाच धर्माच्या मालकीचं कधीच नव्हतं. १९७० साली एरिक क्लॅप्टनने याच नावाचं एक गाणं केलं. मित्राने दिलेली निजामीची गोष्ट वाचून त्याला ते सुचलं होतं. त्यानंतर इंग्रजी बोलणाऱ्या देशांत नाव हळूहळू घराघरांत गेलं, आणि अमेरिकेत गेली दहा-बारा वर्षं ते नवजात मुलींच्या पहिल्या पन्नास नावांत आहे. तिकडे वाढणाऱ्या आपल्या नातीच्या वर्गात लैला असणं म्हणजे आपल्या वर्गात सुनीता असण्यासारखं आहे.

आपल्याकडे मात्र नावाचं नशीब वेगळं निघालं. हिंदी सिनेमाने ते एकदा विरहिणीला दिलं आणि दहादा नाचगाण्याला दिलं. रस्त्यावरच्या टवाळाला लोक मजनू म्हणू लागले, आणि मग कुठलीही मुलगी लैला झाली.

याची किंमत कोण मोजतं ते मी शाळेत पाहिलं. तीस वर्षांहून जास्त मी हजेरी घेतली. नववीच्या एका वर्गात लैला नावाची मुलगी होती. मुसलमान घरातली, वडील शिवणकाम करायचे, नाव आजीने हौसेने ठेवलेलं. हजेरीत तिचं नाव आलं की मागच्या बाकावर कोणीतरी गाणं गुणगुणायचं आणि कुणाला तरी मजनू म्हणून कोपराने ढोसायचं. मुलांना शिक्षा व्हायची, चार दिवस शांतता, मग पुन्हा तेच. ती 'हजर' इतकं हळू म्हणायची की मी मान वर करून तिची जागा बघायची. बोर्डाचा फॉर्म भरायच्या वेळी वडील प्रतिज्ञापत्र घेऊन आले. नाव बदललं. रजिस्टरमध्ये जुन्या नावावर लाल शाईची रेघ आली. ती मुलं गाणंही विसरली असतील. तिला मात्र नवी सही शिकावी लागली. घरात आजी शेवटपर्यंत लैलाच म्हणायची, असं तिने मला पुढे कधीतरी सांगितलं.

या मुलीला धर्माची अडचण नव्हती, भाषेची नव्हती. म्हणजे चेष्टा ही एक गोष्ट आणि परकेपणा ही दुसरी. आपल्या घरांत नाव नको म्हणताना आपण दोन्हींची गाठ मारतो. ती सोडवून बघू या.

परकेपणाचं म्हणाल, तर आपल्या मराठी माणसाने अरबी नावांचा विटाळ कधी मानला? मालोजीराजांनी शहाशरीफ पिराच्या नावावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरेने सांगतात. शरीफ शब्द अरबी. ज्यांच्या छावणीमुळे आपल्या या भागाला लश्कर नाव पडलं, ते दौलतराव शिंदे. दौलत अरबी. बडोद्याचे फत्तेसिंहराव गायकवाड. फत्ते अरबी. आणि माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप देणारे, शिंदे सरकारच्या पदरी असलेले हैबतबाबा. हैबत म्हणजे अरबीत धाक, दरारा. आळंदीच्या महाद्वारातल्या त्यांच्या पायरीला वारकरी हात लावून नमस्कार करतात, तेव्हा शब्द कुठून आला हे कुणाच्या मनातही येत नाही. आजच्या घरांत कबीर नावाचे किती नातू आहेत! कबीर म्हणजे थोर. शब्द अस्सल अरबी, पण संतामुळे तो आपला झाला.

ही झाली पुरुषांची नावं. मुलींचं काय? तर आपल्या आज्या-पणज्यांत हौसाबाई होती की नाही? गावोगाव होती. क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक, प्रतिसरकारच्या लढ्यात उतरलेली, तीही हौसाताई. ही हौस आली अरबी 'हवस' या शब्दातून. तोच शब्द हिंदीत हवस म्हणूनच राहिला आणि त्याचा अर्थ असा झाला की मुलांसमोर उच्चारायला आपण कचरतो. मराठीत तो हौस झाला. नवी नवरी हौशी, हौसेला मोल नाही, आणि बऱ्याच वर्षांनी घरात मुलगी झाली म्हणून ती हौसा. एकाच आईच्या दोन लेकी. एक बदनाम झाली, एक पाळण्यात निजली. शब्दाने काही केलं नाही. माणसांनी जसा वापरला तसा तो झाला.

आता तिसरी गोष्ट. ती कोणी मोठ्याने बोलत नाही, म्हणून मी बोलते. एका आजींनी मला एकटीला गाठून सांगितलं, "बाई, मला नाव वाईट नाही वाटत. मला भीती वाटते. उद्या पोरगी इकडे आली, भाड्याने घर बघायला गेली, नाव सांगितलं, आणि समोरच्याचा चेहरा बदलला तर?" मला त्यांच्या खरेपणाचं कौतुक वाटलं. ही भीती खोटी नाही. पण तिचा अर्थ नीट ऐका. नावात दोष आहे, असं त्या म्हणत नव्हत्या. हे नाव असणाऱ्या माणसांना कसं वागवलं जातं हे त्यांना ठाऊक होतं, आणि तशी वागणूक आपल्या नातीला मिळू नये असं त्यांना वाटत होतं. मग ज्यांच्या घरांत हे नाव पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांच्या लैलांनी काय करावं? नातीच्या निमित्ताने का होईना, तो बदलणारा चेहरा आपल्याला दिसला. आपण घरमालक असू, शिक्षक असू, बँकेत खिडकीपलीकडे बसलेले असू, तेव्हा तो चेहरा आपलाही असू शकतो. तेवढं तरी आपल्या हातात आहे.

तेव्हा ज्या घरांत हा प्रश्न येईल, तिथल्या वडीलधाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. नाव आवडलंच पाहिजे अशी कोणावर सक्ती नाही. आवडलं नाही तर बारशाआधी मुलाला-सुनेला एकदा सांगा, आणि कारणही खरं सांगा. चेष्टेची काळजी असेल तर ती सांगा, भीती असेल तर ती सांगा. 'आपल्यात असं नसतं' एवढ्यावर सोडू नका, कारण आपल्यात ते होतं. मुलांनीही आई-वडिलांना मागासलेले म्हणून गप्प बसवू नये. नाव का निवडलं, त्याचा अर्थ काय, हे फोनवर दहा मिनिटं बसून सांगावं. पत्रिकेतलं नाव वेगळं ठेवायची रीत आपल्याकडे आहेच. आजीला तिच्या आवडीचं एक नाव त्यात ठेवता येईल. पण एकदा आत्याने कानात नाव सांगितलं की ते त्या मुलीचं झालं. मग ते कुजबुजत घेऊ नका, आणि पाहुण्यांसमोर दुसरंच सांगू नका. मूल आपलं नाव आपल्या तोंडून शिकतं, आणि त्या नावाची लाज वाटायची की नाही तेही तिथेच शिकतं.

आणि ज्यांच्या घरी लैला नाही, त्यांनी पुढच्या वेळी हे नाव ऐकून हसू आलं तर क्षणभर त्या अरबस्तानातल्या मुलीची आठवण करावी. तिने काहीच केलं नव्हतं.

 गणपती बाप्पा मोरया!