उद्भवाच्या वरची जमीन



पिशवीतून एक दगड आणला आहे, तो टेबलावर ठेवतो. तांबूस-पिवळा, हाताला खरखरीत. सिलेवाड्याकडचा वाळूचा दगड. कामठीत जुन्या भिंतींमध्ये, पायऱ्यांमध्ये तुम्ही तो रोज बघता. आता या पेल्यातलं पाणी मी त्यावर हळूहळू ओततो. बघत राहा. आपण बोलू.

व्याख्यानमालेच्या मंडळींनी मला विषय दिला तो असा : एखादा जुना झरा पुन्हा गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी घ्यायचा, तर त्याला मान्यता कशी मिळते? विषय ऐकून एक गृहस्थ म्हणाले, "सर, कामठीत झरा कुठं आहे?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे कन्हानच्या वाळूत खड्डा करून पाणी काढतात, त्याला आपण झिरा म्हणतो. बाकी झरा उरला आहे तो नावांमध्ये. नागपूरचं आंबाझरी घ्या, यवतमाळची झरी-जामणी घ्या. १८७०च्या सुमारास नागपूर शहराला आंबाझरी तलावाचं पाणी मिळू लागलं. आज ते कोणी पीत नाही. नावात झरी राहिली, पाणी पिण्याच्या यादीतून गेलं. पाणी यादीतून का जातं आणि परत यादीत कसं येतं, एवढंच आज सांगायचं आहे.

सरकारी कागदात झऱ्याला, विहिरीला, तलावाला एकच शब्द आहे : उद्भव. नळयोजनेच्या फायलीत पहिला प्रश्न असतो, उद्भव कोणता? शब्द सुंदर आहे. पण त्यात एक फसवणूकही आहे. पाणी जिथे दिसलं तिथेच ते उद्भवलं, असं तो सुचवतो. झऱ्याचं पाणी झऱ्यात जन्मत नाही. पाऊस कुठेतरी वरच्या अंगाला पडतो, मुरतो, आमच्या या दगडासारख्या सच्छिद्र थरातून खाली जातो. वाटेत चिकणमातीचा थर लागला की त्याला खाली जाता येत नाही, मग ते आडवं सरकतं आणि उतारावर जिथे तो थर उघडा पडतो तिथे बाहेर येतं. गंमत म्हणजे जमिनीखालचे थर वरच्या टेकडीचा उतार पाळतातच असं नाही. टेकडीच्या पश्चिमेला झरा आणि त्याला पाणी देणारं रान पूर्वेला, दुसऱ्या गावच्या शिवारात, असंही असतं.

कामठीच्या माणसाला हे सांगणं म्हणजे मामाला मामाच्या घरची माहिती देणं. या दगडाचं नावच 'कामठी'. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आपल्या गावाचं नाव छापलेलं आहे ते लष्करी छावणीमुळे नाही, या वाळूच्या दगडामुळे. छावणी वसली १८२१मध्ये. दगड साधारण पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५पासून नागपुरात होते. शाळा चालवायची, प्रवचनं करायची आणि उरलेल्या वेळात दगड फोडायचे. त्यांनी आणि त्यांचे सहकारी हंटर यांनी मिळून इथल्या खडकांवर लिहिलेला निबंध १८५५मध्ये लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात आला. सिलेवाड्याच्या दगडात पानांचे जीवाश्म सापडतात, त्यांचं कौतुक त्यांना फार. १८६३मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना ओढ्याच्या पुरात हिस्लॉप गेले. ज्याने आपल्या खडकाची ओळख जगाला करून दिली त्याला पाण्याने नेलं. असो, मी भावुक होत नाही.

हा दगड पाणी साठवतो आणि सोडतोही. नागपूरच्या पश्चिमेला काळा पाषाण आहे, तिथे पाणी भेगांमध्ये शोधावं लागतं. इथे अख्खा थरच ओला असतो. म्हणून तर इथल्या कोळसा खाणींना कोळशाइतकंच पाणीही उपसावं लागतं. पाण्याचा उपसा थांबला की खाण बुडाली. हा उपसा म्हणजे माणसाने जमिनीच्या पोटात जाऊन काढलेला झराच आहे.

आता मान्यतेकडे वळू. पहिला प्रश्न मालकीचा, आणि इथे कायदा भलताच मनोरंजक आहे. १८८२च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ७मध्ये उदाहरणं दिली आहेत. त्यातलं एक सांगतं की जमिनीखालचं जे पाणी ठरलेल्या प्रवाहातून वाहत नाही, ते आपल्या हद्दीत गोळा करण्याचा हक्क जमीनमालकाचा. उलट महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६चं कलम २० म्हणतं की नद्या, नाले, वाहतं पाणी शासनाचं. मग झरा कोणाचा? दगडाच्या आत असताना पाणी शेतकऱ्याचं, फटीतून बाहेर पडून ओघळ धरला की सरकारचं! वीतभर अंतरात मालक बदलतो. म्हणून झरा गावासाठी घ्यायचा तर ग्रामसभेचा ठराव लागतो, जागेचं दानपत्र किंवा संमती लागते, आणि ती झऱ्याच्या तोंडाभोवतीच्या दोन-चार गुंठ्यांची असते. हे दोन-चार गुंठे लक्षात ठेवा.

दुसरा प्रश्न, पाणी पुरेल का? हे काम भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं. त्यांच्या दाखल्याशिवाय योजनेला तांत्रिक मान्यता नाही आणि तांत्रिक मान्यतेशिवाय पैसा नाही. झऱ्याची मोजणी शाळेतल्या मुलालाही जमेल अशी आहे : बादली धरायची आणि घड्याळ बघायचं. वीस लिटरची बादली वीस सेकंदांत भरली तर सेकंदाला एक लिटर, म्हणजे दिवसाला ८६,४०० लिटर. जल जीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला ५५ लिटर धरतात. त्या हिशेबाने हा बारीकसा झरा दीड हजार वस्तीचं गाव पोसतो. शहराच्या माणशी १३५ लिटरच्या मापाने तोच झरा साडेसहाशे माणसांनाही अपुरा. म्हणून कामठी शहराने झऱ्याची स्वप्नं बघू नयेत. तालुक्यातल्या छोट्या वस्त्यांनी जरूर बघावीत. पण मोजणी मे महिन्यातली हवी. दिवाळीत मोजलेला झरा हा लग्नातल्या फोटोसारखा असतो.

तिसरा प्रश्न शुद्धतेचा, आणि या बाबतीत आपल्या पिढीने एक मोठी लढाई जिंकलेली आहे, जी आपण विसरलो. नारू आठवतो का कोणाला? पुढच्या रांगेतले दोघे-तिघे मान हलवताहेत. पायातून बाहेर येणारा तो दोऱ्यासारखा जंत, काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. तो यायचा कुठून, तर ज्या कुंडात, पायऱ्यांच्या विहिरीत माणूस पाय बुडवून पाणी भरतो तिथून. नारूच्या रोग्याचा पाय पाण्यात, जंताची पिल्लं पाण्यात, तिथून पाणपिसवांत, आणि तेच पाणी हंड्यात. १९८३-८४पासून मोहीम झाली, पायऱ्या बुजवल्या, कठडे बांधले, पाणी फडक्याने गाळायला शिकवलं. १९९६मध्ये देशातला शेवटचा रोगी सापडला आणि फेब्रुवारी २०००मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. यासाठी लस नव्हती, गोळी नव्हती. झऱ्यावर आज आपण सिमेंटची बंद टाकी बांधतो, पाण्याला हात न लागता ते नळीतून बाहेर काढतो, त्यामागे हा इतिहास आहे. जुनं कुंड उघडं सुंदर दिसतं म्हणून त्यावर झाकण नको, असं म्हणणारे वारसाप्रेमी भेटले की मी त्यांना नारूची गोष्ट सांगतो.

पाणी झाकून ठेवावं हे बऱ्हाणपूरच्या लोकांना चारशे वर्षांपूर्वी कळलं होतं. १६१५च्या सुमारास, रहीम खानखानान तिथे सुभेदार असताना, सातपुड्याच्या पायथ्याचं मुरलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहरात आणलं. कुंडी भंडारा म्हणतात त्याला. ओळीने कुंड्या आहेत, प्रत्येकीला जमिनीवर उचललेला कठडा, म्हणजे रस्त्यावरचं पावसाचं पाणी आत जाणार नाही. २०२४मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत तो गेला. जवळच्याच मुलखातला आहे. पचमढीला जाता तसं एकदा तिकडेही जाऊन या.

आजची शुद्धतेची मोजपट्टी म्हणजे भारतीय मानक १०५०० : नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत, फ्लोराइड एक, फार तर दीड, आणि शंभर मिलिलिटरमध्ये ई-कोलाय एकही नाही. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा, जैविक दोनदा. गावात जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो, ओटी टेस्ट करतो. पाण्याचा रंग पिवळा झाला की क्लोरीन आहे. पाण्याच्या धोक्यानुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. व्यवस्था वाईट नाही. मी तिची टिंगल करायला आलेलो नाही.

पण एक विसंगती सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या शेजारी, पाटणसावंगीच्या भूमिगत खाणीतलं पाणी वेकोलि या कोळसा कंपनीने शुद्ध करून 'कोल नीर' नावाने बाटलीत भरलं. माणसाने खणलेल्या झऱ्याचं पाणी पिण्यालायक झालं याचा मला आनंदच आहे. बाटलीतलं पाणी हा कायद्याने 'अन्न' ठरलेला पदार्थ आहे, त्यामुळे त्याला अन्नसुरक्षेचा परवाना लागतो, आणि नियम मोडला तर दंड होतो. नळाचं पाणी मात्र कायद्याच्या भाषेत अन्न नाही. मानक १०५०० पाळायची पाणी पुरवणाऱ्या संस्थेवर तशी कायदेशीर सक्तीही नाही. २०१९मध्ये केंद्राने २१ शहरांच्या नळाचं पाणी तपासलं, तेव्हा सगळ्या कसोट्यांवर उतरली एकटी मुंबई. गरिबाच्या पाण्याला मानक ऐच्छिक आणि विकत घेणाऱ्याच्या पाण्याला काटेकोर, हे काही कोणी ठरवून केलेलं नसेल. पण झालं आहे.

आता दगडाकडे बघा. पाणी दिसतंय? नाही. ते वाहून गेलं नाही, टेबल कोरडं आहे. दगडाने प्यायलं. आता समजा त्या पाण्यात मी शाई घातली असती.

मला सांगायचं आहे ते हेच. आपली मान्यता झऱ्याचं तोंड तपासते. बाटली भरून नेते, भोवतीच्या काही मीटरांत शौचालय आहे का, उकिरडा आहे का ते बघते, टाकीभोवती तारेचं कुंपण घालते. ते सगळं हवंच. पण झरा म्हणजे वरचं रान, आणि रानाला कोणी मान्यता मागत नाही. आपल्याकडे कायदा अगदीच आंधळा नाही. १९९३च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदायला बंदी घातली. २००९चा भूजल अधिनियम १ जून २०१४पासून लागू झाला आणि त्यात पुनर्भरणाच्या क्षेत्राचाही विचार आला. तरी ५०० मीटरचं वर्तुळ हे कंपासने काढलेलं वर्तुळ आहे. पाणी कंपास वापरत नाही.

जुलै २०२२मध्ये आपल्याच तालुक्यात कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला. राख कोलार नदीत, तिथून कन्हानमध्ये. ज्या कन्हानचं पाणी नागपूर पितं, त्याच कन्हानमध्ये. त्याआधीच, २०२१मध्ये, मंथन अध्ययन केंद्र आणि सहकारी संस्थांनी कोराडी-खापरखेडा वीज केंद्रांच्या आसपासच्या गावांतलं पाणी तपासून राखेमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा अहवाल काढला होता. राखेत पारा, शिसं, आर्सेनिक यांचे अंश असतात. गावातल्या तपासणी किटमध्ये रंग बघून नायट्रेट, फ्लोराइड कळतं; पारा कळत नाही. बंधारा फुटला की नदी करडी होते आणि बातमी होते. न फुटलेला बंधारा मुकाट्याने झिरपतो, त्याची बातमी होत नाही. वीज आपल्यालाच हवी आहे, पंखे त्याच विजेवर फिरताहेत, हे मी जाणतो. म्हणून केंद्र बंद करा असं म्हणत नाही. राखेचं तळं कुठल्या दगडावर बसलं आहे, एवढं मान्यतेच्या फायलीत दिसलं पाहिजे.

हे जमतं का? जमलेलं आहे. व्हिएन्ना शहरात विषमज्वर, पटकी यांनी माणसं मरत होती. एदुआर्द झ्यूस नावाचे भूशास्त्राचे प्राध्यापक होते. १८६२मध्ये त्यांनी शहराच्या जमिनीवर पुस्तक लिहिलं आणि दफनभूमींचा निचरा विहिरींत कसा येतो ते मांडलं. पुढच्या वर्षी ते नगरसेवक झाले. (भूशास्त्रज्ञ नगरसेवक! आपल्याकडे कोणी तिकीट देईल?) त्यांनी आग्रह धरला की पाणी आल्प्सच्या झऱ्यांवरून आणायचं, आणि १८७३मध्ये सुमारे नव्वद किलोमीटरवरून ते केवळ उताराने आलं. पुढे शहर पाट बांधून थांबलं नाही. झऱ्यांवरचं जंगलही घेत गेलं. आज तीस हजार हेक्टरांहून अधिक रान तिथे पाण्यासाठी राखलेलं आहे, आणि ते सांभाळतं महानगरपालिकेचं वनखातं. आपल्या दोन-चार गुंठ्यांशेजारी हा आकडा ठेवून बघा.

आणि हेच ते झ्यूस, ज्यांनी १८८५मध्ये दक्षिणेच्या जोडलेल्या प्राचीन खंडाला नाव दिलं गोंडवाना-लँड. नाव घेतलं आपल्या गोंडांच्या मुलखावरून, या टेबलावरच्या दगडाच्या कुळावरून. व्हिएन्नाच्या झऱ्यांसाठी भांडलेल्या माणसाला कामठीच्या दगडाचं कूळ ठाऊक होतं.

वेळ संपत आली. एका ताईंची चिठ्ठी आली आहे : "आमच्या वाड्यातली विहीर आजोबांच्या काळात सगळी गल्ली प्यायची. आता नगर परिषदेला द्यायची आमची तयारी आहे. काय करावं?"

ताई, आधी विहीर उपसा आणि गाळ काढा. मग मेअखेरीस एक नमुना आणि पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांनंतर दुसरा, असे दोन नमुने न्या. जैविक तपासणीची बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक केलेली घ्या, घरची शीशी चालणार नाही. भरली की बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. बाटलीला चिठ्ठी असते, तिच्यावर उद्भव, तारीख, वेळ लिहायला जागा असते. विहिरीच्या वरच्या अंगाला काय काय आहे, गोठा, गटार, गॅरेज, पेट्रोल पंप, जे असेल ते, त्याला जागा नसते. ते चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहा.