गोल टेबलावरची माणसं

दुपारच्या जेवणाला माणसं जमतात, गप्पा मारतात, आणि हात धुऊन आपापल्या कामाला जातात. त्या गप्पांची कुणी नोंद ठेवत नाही. न्यूयॉर्कमध्ये मात्र एका टेबलावरच्या गप्पा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येत, आणि सारं शहर त्या वाचून हसत असे.

ही गोष्ट जून १९१९ची. चव्वेचाळिसाव्या रस्त्यावरच्या अल्गॉन्क्विन हॉटेलात काही पत्रकार मंडळी जेवायला जमली. बेत होता नाट्यसमीक्षक अलेक्झांडर वूलकॉट यांची टर उडवण्याचा. हे गृहस्थ महायुद्धावरून नुकतेच परतले होते आणि तिथल्या हकिकती सांगून सगळ्यांचं डोकं उठवत होते. टर उडाली, पण वूलकॉटनाच ती इतकी आवडली, की रोज जमायचं ठरलं. हॉटेलचे व्यवस्थापक फ्रँक केस हे धोरणी गृहस्थ. त्यांनी रोझ रूममध्ये या मंडळींसाठी एक गोल टेबल मांडलं. लेखकांचे खिसे हलके, म्हणून ऑलिव्ह आणि सेलरी फुकट. त्यांना पाहायला येणारे बाकीच्या टेबलांवर पूर्ण पैसे मोजून जेवत, हे सांगायला नकोच!

रॉबर्ट बेंचली, नाटककार कॉफमन, कादंबरीकार एडना फर्बर, हार्पो मार्क्स असे कितीतरी जण तिथे येत. फ्रँकलिन पी. अ‍ॅडम्स आपल्या सदरात तिथले विनोद छापत. हॅरल्ड रॉस यांनी १९२५ साली 'न्यूयॉर्कर' काढलं, तेही याच मंडळींतले. हे लोक एकमेकांची तोंड भरून स्तुती करतात, असा आरोपही झाला. तो अगदीच खोटा नव्हता. साहित्यिकांचा कंपू आणि परस्परप्रशंसा यांची फारकत मी तरी अजून पाहिलेली नाही.

पण त्यांच्यात नुसती थट्टाच नव्हती. डोरोथी पार्कर तेव्हा 'व्हॅनिटी फेअर'मध्ये नाट्यपरीक्षणं लिहायची. तिची लेखणी बोचरी, त्यामुळे बडे निर्माते दुखावले. जानेवारी १९२०मध्ये तिची नोकरी गेली. बेंचलीला बायको होती, दोन लहान मुलं होती. त्यानं तिच्यासाठी स्वतःचा राजीनामा देऊन टाकला. अशी दोस्ती कोट्या करून मिळत नाही.

डोरोथीच्या हजरजबाबीपणाची कीर्ती इतकी झाली, की तिनं तोंड उघडायच्या आधीच लोक हसू लागले. याचा तिला पुढे त्रास झाला. मला तो थोडा कळतो. मी कविता लिहितो मराठीत. तरी संमेलनाच्या पंगतीत कुणीतरी म्हणतंच, ''खाँसाहेब, एखादा शेर होऊन जाऊ द्या!'' मीही वर्षानुवर्षं ती फर्माईश पुरी केली. वाहवा कुणाला नको असते? मग एकदा दुपारच्या सत्रात वडिलांच्या मृत्यूवरची कविता वाचायला उभा राहिलो, तर पुढच्या रांगेतले चेहरे आधीच हसरे. ती कविता मी पुन्हा व्यासपीठावर वाचलेली नाही.

ऑगस्ट १९२७मध्ये डोरोथी बॉस्टनला गेली. साको आणि व्हँझेटी या दोन इटालियन स्थलांतरितांच्या फाशीच्या शिक्षेविरुद्ध तिथे निदर्शनं चालू होती. तिला अटक झाली, पाच डॉलर दंड झाला. त्या दोघांना २३ ऑगस्टला विजेच्या खुर्चीत मारण्यात आलं. इकडे टेबलही हळूहळू मोडत गेलं. कुणी हॉलिवूडला गेलं, कुणाचं कुणाशी बिनसलं. उतारवयात डोरोथी त्या टेबलाविषयी फारसं चांगलं बोलत नसे. त्या काळचे खरे मोठे लेखक तिथे नव्हतेच, असं तिचं म्हणणं. मला ती जरा जास्तच कठोर वाटते. बेंचलीचा राजीनामा त्याच दोस्तीतला होता.

७ जून १९६७ रोजी ती गेली. आपली मालमत्ता तिनं मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावे केली होती. ती त्यांना कधी भेटलीही नव्हती. पुढच्याच एप्रिलमध्ये किंग यांची हत्या झाली आणि मृत्युपत्रात लिहिल्याप्रमाणे सारं कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या 'एनएएसीपी' या संस्थेकडे गेलं.

तिच्या अस्थी मात्र न्यायला कुणी आलं नाही. त्या कित्येक वर्षं एका वकिलाच्या कचेरीत, फायलींच्या कपाटात पडून होत्या. १९८८ साली त्या संस्थेनं बाल्टिमोरच्या आपल्या कार्यालयाच्या आवारात एक बाग करून त्यांना जागा दिली. २०२० साली त्या न्यूयॉर्कला, तिच्या आईवडिलांशेजारी आणल्या गेल्या.