रजिस्टरातले नाव

(संगमेश्वर तालुक्यातील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)

 

मंडळाचे सभासद कसे व्हायचे, असे तरुण मुले आम्हांला विचारतात. आम्ही सांगतो, अर्ज भरा, दोन जुन्या सभासदांची शिफारस घ्या, प्रवेश फी भरा. कार्यकारिणीने ठराव केला की रजिस्टरात नाव चढते. हे झाले कागदाचे. पण नाव कोणाचे चढवायचे, हे आम्ही आमच्याच चुकीतून शिकलो.

आपले घर अर्धे गावात, अर्धे मुंबईत. घरटी वर्गणी आणि घरटी एक नाव, ही पद्धत वाडवडिलांनी गिरणीच्या पगारावर पाडली. नाव अर्थातच मुंबईच्या कमावत्या पुरुषाचे. 1982 चा संप झाला, गिरण्या गेल्या, कितीतरी जण गावी परतले, काही निवर्तले. रजिस्टर तसेच राहिले.

एका सर्वसाधारण सभेत विहाराच्या छपराच्या खर्चाचा विषय होता. एक वहिनी बोलायला उठल्या. पतीच्या पश्चात नऊ वर्षे काजूच्या बिया विकून त्याच वर्गणी भरत होत्या. आम्ही रजिस्टर उघडून म्हणालो, "वहिनी, सभासद तुम्ही नाही, दादा आहेत." दादा तर केव्हाच गेलेले! वहिनी गप्प खाली बसल्या. रात्री पावतीपुस्तके काढली. नऊही पावत्या मयताच्या नावाने फाडलेल्या, खाली सही आमची.

मग कायदा वाचला. (तो आधी वाचायला हवा होता, हे कबूल.) संस्था नोंदणीचा कायदा 1860 सालचा. त्याचे 15 वे कलम सांगते की, नियमांप्रमाणे प्रवेश मिळालेली, वर्गणी भरलेली किंवा यादीत सही केलेली आणि राजीनामा न दिलेली व्यक्ती म्हणजे सभासद. वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली तर मत नाही, सभासदांत गणतीही नाही. कायदा व्यक्ती म्हणतो, घर म्हणत नाही. म्हणजे आमच्या यादीतले मयत सभासद नव्हतेच, आणि पैसे भरणारीला आम्ही प्रवेशच दिला नव्हता!

महाप्रजापती गौतमीने कपिलवस्तूला तीनदा संघप्रवेश मागितला, तीनदा नकार मिळाला. ती शाक्य स्त्रियांसह वैशालीपर्यंत पायी चालत गेली. सुजलेल्या पायांनी दाराशी उभ्या असलेल्या गौतमीसाठी आनंदाने शब्द टाकला, तेव्हा प्रवेश झाला. आमच्या वहिनींसाठी त्या सभेत शब्द टाकणारा एकही निघाला नाही. आम्हीही त्यांतलेच.

पुढच्या सभेत नियम बदलला. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाचा, बाई असो की पुरुष, स्वतंत्र अर्ज आणि स्वतःच्या नावाची पावती. "एका घराने दोन वर्गण्या कुठून भरायच्या?" असा आक्षेप आला. तो खरा होता, म्हणून माणशी वर्गणी निम्मी केली. काही वडीलधाऱ्यांना हे अजूनही रुचलेले नाही. ते सभेला येतात, हरकत नोंदवतात. तो त्यांचा हक्क आहे.

अर्ज मंडपाच्या दाराशी चिटणीसांकडे ठेवले आहेत. मुंबईकरांनी आपला अर्ज भरताना गावच्या घरात राहणाऱ्यांसाठीही कोरे अर्ज न्यावेत. सही मात्र ज्याची त्यानेच करायची. लिहिता येत नसेल तर अंगठा चालतो. शाईचा पॅड ठेवला आहे.

जयभीम!