पटाबाहेरची मुलं



शिक्षकांच्या साहित्य संमेलनात अध्यक्षाने कथा-कवितेवर बोलावं, ही अपेक्षा रास्त आहे. आज मात्र मला हजेरीपटावर बोलू द्या. गावातल्या कोणत्या मुलाचं नाव लिहिलं जातं आणि कोणाचं राहून जातं, हे तिथे कळतं. नाव कुणाचं राहतं, हा लेखकाचाही प्रश्न आहे.

माझी पहिली नेमणूक बीड जिल्ह्यातल्या एका तांड्यावर झाली. पहिलीतली एक मुलगी दाराशी उभी राहून ‘याडी, याडी’ करत रडत होती. मला काही उमगेना. शेवटी चौथीतला एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, तिला आई पाहिजे.” शाळा मराठी माध्यमाची, घरोघरी गोरबोली. ते वर्षभर तो मुलगाच माझा दुभाषी होता. मेळघाटात कोरकू, भामरागडला माडिया, धडगावला पावरी, रायगडच्या वाड्यांवर कातकरी बोलणारी मुलं अशीच मराठी पुस्तकासमोर बसतात. मुलाची मातृभाषा आपण यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती-नोंदणीत इमानाने भरतो. त्या नोंदीने शाळेचं अनुदान वाढत नाही.

पैसा येतो पटावर. समग्र शिक्षा योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान घ्या. तीसपर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार रुपये, ३१ ते १०० असेल तर २५ हजार. ३१ मुलांच्या शाळेतून एक मूल गेलं की १५ हजार गेले. छप्पर मात्र तेवढंच गळतं, वीजबिल थांबत नाही, पाण्याची टाकी धुवावीच लागते. मग गुरुजी स्वतःच्या खिशात हात घालतात, नाहीतर लोकवर्गणीसाठी गावात फिरतात. ज्या गावाची वर्गणी द्यायची ऐपत सर्वांत कमी, तिथेच ती मागायची वेळ सर्वांत जास्त येते.

आणि हा पट मोजायचा कधी? ३० सप्टेंबरला. आमच्याकडे त्या दिवशी शाळा भरलेली असते. दसरा-दिवाळी झाली की उचल घेतलेल्या कोयत्यांच्या, म्हणजे ऊसतोड जोडप्यांच्या, गाड्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. आजी-आजोबा घरी असले तर काही मुलं हंगामी वसतिगृहाच्या आधाराने मागे राहतात. बाकीची जातात ती गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. मधले महिने ते मूल कोल्हापूर-सांगलीकडच्या एखाद्या उसाच्या फडावर असतं. तिथल्या बाईंनी त्याला मायेने वर्गात बसवून घेतलं, तरी त्यांच्या मोजलेल्या पटात ते नसतं; मोजणीचा दिवस केव्हाच उलटून गेलेला असतो. मला हा साऱ्या व्यवस्थेतला सर्वांत मोठा अन्याय वाटतो. बनावट पटाची भीती खोटी नाही. ऑक्टोबर २०११ मधल्या तीन दिवसांच्या पटपडताळणीत किती खोटी नावं बाहेर आली, ते आपण पाहिलं, आणि त्याची लाज आपल्या व्यवसायाला वाटायलाच हवी. पण खोटी नावं पकडणारी मोजणी खरं मूलही गाळत असेल, तर ती बदलली पाहिजे.

पट फारच कमी असेल, तर शाळेवरच गदा येते. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०२३ मध्ये विसाच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले गेले. राज्यात अशा शाळा जवळपास १५ हजार होत्या. मोठ्या शाळेत ग्रंथालय मिळतं, बरोबरीचे सवंगडी मिळतात, प्रत्येक वर्गाला शिक्षक मिळू शकतो. पाच वर्ग दोघांनी सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याला त्याचं मोल ठाऊक आहे. पण ओढ्याला पाणी आलं की सहा वर्षांची मुलगी घरी बसते. दूरच्या शाळेच्या पटावर तिचं नाव असतं, ती नसते.

म्हणून मी तीन गोष्टी मागतो. पट कितीही असो, इमारत, वीज आणि पाणी यांसाठी प्रत्येक शाळेला ठरावीक रक्कम आधी मिळावी. मुलांमागचा पैसा त्यावर. दुसरं, पहिली-दुसरीच्या वर्गात मुलांची बोली जाणणारी गावातलीच एक व्यक्ती मानधनावर असावी. हे काही स्वप्न नाही. वस्तीशाळांवर तुटपुंज्या मानधनावर गावातल्याच तरुण-तरुणींनी वर्षानुवर्षं शिकवलं. २०१४ मध्ये त्यांना नियमित शिक्षक म्हणून सामावून घेतलं, तोवर किती संसार ओढग्रस्तीत निघाले, हे या सभागृहातल्या अनेकांना सांगायला नको. त्यांना मुलांची बोली शिकावी लागली नव्हती. आणि तिसरं, पट दुसऱ्यांदा मोजावा, जानेवारीत, फडावर आणि वीटभट्टीवर जाऊन. मूल जिथे सापडेल तिथल्या शाळेला त्याच्या वाट्याचा पैसा मिळावा.

या तीन मागण्यांच्या ठरावाचा मसुदा मी लिहून आणला आहे. दुपारच्या सत्रात तो वाचायला घेऊ. त्याआधी जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकाने एक चिठ्ठी माझ्याकडे द्यावी: आपल्या शाळेत घरी कोणकोणत्या बोली बोलल्या जातात, आणि गेल्या जानेवारीत पटावरची किती मुलं गावाबाहेर होती.