दिवाळीनंतर बघू



मला 'आयटीतली वीस वर्षं' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. ते मी बोलणार नाही. बॅचमधले आयटीवाले समोरच बसलेत, त्यांना सगळं ठाऊक आहे. आणि उरलेल्यांना ते ऐकायचं नाही. त्यापेक्षा माझी दिवाळीची सुट्टी कशी जाते ते सांगते.

2009 साली, ऐन दिवाळीत, पुण्यात माझ्या मुलीचा जन्म झाला. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना. त्या रात्री मला चार पिशव्या रक्त चढवलं. मला त्यातलं आठवतं ते एवढंच, की बाहेर फटाके वाजत होते आणि माझे पाय गार पडले होते. घरी निघताना रक्तपेढीतून विचारणा झाली, "साठा कमी आहे, तुमच्यापैकी कुणी रक्तदान कराल का?" आम्ही म्हणालो, "हो हो, दिवाळी झाली की नक्की." दिवाळी झाली. बारसं झालं. कुणीही गेलं नाही. बिल भरलं होतं ना! त्यात रक्ताची एक ओळ होती, तिचेही पैसे दिले होते. माझ्या लेखी हिशोब मिटला.

आठ वर्षांनी, 2017 च्या दिवाळीत, सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर एका रक्तपेढीचं आवाहन आलं. कंपनीला सुट्टी होती, म्हणून गेले. हिमोग्लोबिन निघालं 10.8. किमान साडेबारा लागतं. तिथल्या ताईंनी गोडीत परत पाठवलं, पण माझा पडलेला चेहरा पाहून म्हणाल्या, "वेळ आहे का? मग फोन करायला बसा."

दिवाळीतच टंचाई का, ते तिथे बसल्यावर कळलं. कॉलेजं बंद, कंपन्या बंद, म्हणजे शिबिरंही बंद. आधी साठवून ठेवावं म्हटलं तर लाल पेशी महिनाभर टिकतात, पण प्लेटलेट्स पाचच दिवस. लक्ष्मीपूजनाला लागणाऱ्या प्लेटलेट्स दसऱ्याला गोळा करून ठेवता येत नाहीत. आणि डेंग्यूचे पेशंट, कॅन्सरच्या वॉर्डातली मुलं, अडलेली बाळंतीण, यांना कुठली सुट्टी? मी अर्थातच पहिल्या तासातच अॅप बनवायचं ठरवलं. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एक्सेलची यादी पुढे सरकवली. रक्तगट, शेवटचं रक्तदान कधी, फोन नंबर. पुरुषांना तीन महिन्यांचं अंतर लागतं, बायकांना चार. एवढ्यावर काम भागत होतं.

पहिल्या दिवशी चाळीसेक फोन केले. सहाजण आले. बाकीचेही वाईट बोलत नाहीत हो. "गावी आलोय." "चकल्या तळतेय, हात तेलाचे आहेत." आणि सगळ्यात जास्त वेळा, "ताई, दिवाळीनंतर बघू ना." चौथ्यांदा ते ऐकलं आणि मी फोन खाली ठेवून गप्प बसले. वाक्य माझंच होतं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी एक रिक्षावाले काका आले, कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा घालून. प्लेटलेट्स देताना तास-दीड तास यंत्राला जोडून बसावं लागतं. मी विचारलं, "घरी पूजा नाही का?" म्हणाले, "मंडळी तयारी करतायत, आरतीला पोचतो." उठल्यावर कॉफी प्याले, बिस्किटांचा पुडा नातवासाठी खिशात टाकला. "कुणाला दिलं ते कळावंसं नाही वाटत?" तर म्हणाले, "कळून काय करायचंय? ते बरं झालं म्हणजे झालं."

ते गेल्यावर मी तिथल्या तंत्रज्ञांना माझ्या जुन्या बिलाबद्दल विचारलं. त्यांनी सांगितलं, की सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे 1 जानेवारी 1998 पासून पैसे घेऊन रक्त देणं आपल्याकडे बंद झालंय. बिलातली ती ओळ तपासणीची आणि साठवणीची होती. रक्ताची किंमत त्यात कुठेच नव्हती. चार पिशव्या म्हणजे चार माणसं. त्यांची नावं मिळतील का, तर नाही, दात्याचं नाव सांगत नाहीत. तेव्हापासून सिग्नलला शेजारी थांबलेल्या माणसांकडे मी जरा जास्तच निरखून बघते, असं नवऱ्याचं म्हणणं आहे. त्याच्याकडे त्या वर्षी पाडव्याची ओवाळणी म्हणून मी रक्तदानच मागितलं. साडीपेक्षा स्वस्तात सुटलो म्हणत गेला, आता दरवर्षी जातो. लेक सोळा वर्षांची आहे, कॉफी देते आणि अठराची व्हायची वाट बघते. माझा आकडा मात्र गोळ्या, खजूर, पालक सगळं करूनही बाराच्या पुढे सरकलेला नाही. चारातली एकही पिशवी मला अजून परत करता आलेली नाही.

बाई, नववीत तुम्ही 'बॉम्बे ब्लड ग्रुप' सांगितला होता, 1952 साली डॉ. भेंडे यांनी मुंबईत शोधलेला. मुंबईची लोकल असते तसं रक्तही असतं म्हणून आम्ही फिदीफिदी हसलो होतो. मागच्या दिवाळीत तो गट हवा म्हणून फोन आला. त्या पेशंटला 'ओ' सुद्धा चालत नाही, त्याच गटाचं लागतं. दाता दुसऱ्या जिल्ह्यात सापडला. भाऊबिजेचं ताट तसंच ठेवून निघाला आणि एसटीने आला.

तर, जेवणाच्या मांडवाशेजारी मी एक वही ठेवली आहे. नाव, गाव, फोन, रक्तगट आणि दिवाळीत कुठे असता. सर, तुम्ही लिहू नका, 65 वर्षांची मर्यादा आहे. बाकीच्यांनी गट माहीत नसेल तर तसं लिहा. बाई तो धडा शिकवत होत्या तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात, हे मला आठवतंय.