डोक्याला मार लागल्यानंतरचा दिवसक्रम

महामार्गावरचे अपघात काय किंवा माडावरून, आंब्यावरून पडणे काय, डोक्याला मार लागलेली माणसे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याला नवी नाहीत. जखम भरते, माणूस हिंडू-फिरू लागतो, घरचे म्हणतात, बरा झाला. पण सकाळची गोळी राहून जाते, बँकेत जायचे ठरवून तो ओटीवरच बसून राहतो. हा आळस नव्हे. मेंदूच्या कपाळामागच्या भागाला इजा झाली, की ठरवलेले काम वेळेवर आठवणे आणि ते सुरू करणे, दोन्ही कठीण होते. अशा माणसाला बोल लावून काही साधत नाही. त्याला बाहेरून आठवण मिळायला हवी, आणि ती देणारा मोबाइल बहुतेक घरांत आहेच.

याला पुरावा आहे. इंग्लंडमध्ये बार्बरा विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतीच्या व नियोजनाच्या अडचणी असलेल्या 143 जणांना पेजरवरून वेळच्या वेळी संदेश पाठवून पाहिले. निष्कर्ष 2001 साली प्रसिद्ध झाले. चाचणी पूर्ण केलेल्यांपैकी 80 टक्क्यांहून अधिक जणांची रोजची कामे पेजर असताना लक्षणीयरीत्या अधिक पार पडली. यंत्रामुळे मेंदू सुस्तावेल, असे म्हणणाऱ्यांनी पुढचा भाग ऐकावा. पेजर परत घेतल्यावर सात आठवड्यांनीही त्यांतल्या बहुतेकांची सुधारणा टिकून होती. पुन्हा पुन्हा वेळेवर केलेले काम बहुधा अंगवळणी पडले असावे.

घरात माणसे असताना यंत्र कशाला, असेही विचारले जाते. पण दिवसभर बायकोने किंवा मुलाने टोकत राहिले, की कर्त्या माणसाचा मान दुखावतो आणि सांगणाराही थकतो. पावसाळ्यात रेंज गेली तरी गजर वाजतो. मोबाइल चार्ज असला म्हणजे झाले. खरी अडचण वेगळीच आहे. नुसता गजर वाजला आणि तो कशासाठी हे कळले नाही, तर माणूस तो बंद करून मोकळा होतो. म्हणून गजराला ओळखीच्या आवाजातले एकच वाक्य जोडावे : 'बाबा, जेवण झाले, आता गोळी घ्या.' सुरुवात एका कामापासून करावी, ते जमले की दुसरे. हे बसवून द्यायला ऑक्युपेशनल थेरपिस्टचा वेळ लागतो, आणि आपल्याकडे तोच मिळत नाही. शिवाय 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत डोक्याच्या दुखापतीची स्वतंत्र नोंद नाही. ती व्हावी. तोवर रुग्णाला घरी सोडताना औषधांच्या चिठ्ठीबरोबर त्याच्या मोबाइलवर पहिला गजर लावून द्यावा, आणि महिन्याभराने तो वाजतो का, ऐकला जातो का, याची चौकशी करावी.